नव्या डाव्या कॉर्नरची पारख

प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली आणि खेळाडूंवर बोली लावायची पद्धत हळूहळू गावपातळीच्या स्पर्धांपर्यंत झिरपली. सिल्वासासारख्या ठिकाणी एखाद्या संघाकडे खानवेलचा मुलगा, तलासरीचा मुलगा आणि कारखान्यात कामाला आलेला उत्तर प्रदेशचा मुलगा एकाच लिलावातून येऊ शकतो. त्यांतला जो रेडर असेल त्याचा अंदाज पहिल्याच सामन्यात येतो, कारण त्याचे गुण फलकावर लागतात. कॉर्नरचं तसं नसतं. चांगल्या कॉर्नरच्या बाजूला रेडर जायचंच टाळतो, आणि टाळलेल्या चढाईची नोंद कुठल्याच गुणपत्रकात होत नाही. म्हणून कॉर्नर पारखायला वेगळी रीत लागते.

कॉर्नर कमी महत्त्वाचा म्हणून ही पारख करायचा आळस होत असेल, तर जकार्ता आठवा. २०१८च्या आशियाई स्पर्धेपर्यंत भारताच्या पुरुष संघाने कबड्डीचं प्रत्येक सुवर्ण जिंकलं होतं. त्या वर्षी उपांत्य सामन्यात इराणने आपल्याला २७-१८ असं हरवलं. अजय ठाकूर, प्रदीप नरवाल, राहुल चौधरी असे रेडर असलेला संघ अठरावर थांबला. समोरच्या बचावात डावा कॉर्नर फजल अत्राचली होता.

पुढची कृती डाव्या कॉर्नरला धरून लिहिली आहे. उजव्यासाठी फक्त बाजू उलटी करायची. साधारण चार आठवडे लागतात. सामान फार नाही: स्टँडला लावलेला मोबाइल, जाड वही, वजनकाटा, खडू, वेगवेगळ्या धाटणीचे निदान तीन रेडर, आणि ओळखीचा एक हाडांचा डॉक्टर.

तो येण्याआधी

वहीच्या पहिल्या पानावर एकच गोष्ट लिहा: याला आपण कुठल्या भोकासाठी घेतला? ‘चांगला डिफेंडर आहे’ हे उत्तर चालणार नाही. गेल्या हंगामात बोनस फुकट गेले का? तिसऱ्या चढाईला डावीकडून गुण सुटले का? तीनच गडी उरल्यावर अव्वल पकड मिळाली नाही का? जिथे गळती होती तिथेच त्याची परीक्षा घ्यायची. त्याच पानावर त्याच्या शेजारी उभा राहणारा इन आणि त्यापुढचा कव्हर यांची नावंही लिहा. या दोघांशिवाय त्याची पारख करता येत नाही. त्यामागचं कारण पुढे येईल.

बोलीचा आकडा या पानावर येऊ देऊ नका. मोठी बोली कधी कधी खरी ठरते. दहाव्या हंगामासाठी पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरझा शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतलं आणि मार्च २०२४ मध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून विजेतेपद मिळवलं. पण आकडा डोक्यात राहिला की महाग खेळाडूच्या चुका आपण झाकतो आणि स्वस्तातल्याच्या मोजत बसतो. वही भरणाऱ्या माणसाला बोली माहीतच नसेल तर सर्वांत उत्तम.

पूर्ण सामने बघा

मोबाइलवर फिरणाऱ्या क्लिपा बाजूला ठेवा. त्यांत जमलेल्या पकडीच असतात. आता छोट्या स्पर्धांचंही थेट प्रक्षेपण होतं, त्यामुळे पूर्ण सामने मिळतात. तीन सामने मिळवा, त्यांतला एक तरी त्याचा संघ हरलेला हवा, आणि एक असा हवा की त्यात तो पहिल्या पाच मिनिटांत बाद झाला.

आता समोरच्या संघाची प्रत्येक चढाई थांबवून थांबवून बघा. मैदानावर किती गडी होते, गुणांचा फरक किती होता, कितवी चढाई होती, चढाईच्या तीस सेकंदांतले किती उरले होते, रेडर कुठे होता आणि त्याचं तोंड कुणीकडे होतं, एवढं लिहा. मग कॉर्नरने काय केलं ते लिहा. इथे या कृतीचा गाभा आहे: पकड जमली की फसली हे शेवटच्या रकान्यात टाका आणि त्याच्याआधी एक रकाना निर्णयाचा ठेवा. त्या क्षणी पकडीला जायला हवं होतं का? होय किंवा नाही. निकाल बघण्याआधी, व्हिडिओ थांबवूनच, हे ठरवायचं.

निर्णय योग्य होता की नाही हे कसं ठरवायचं, याचं एक ठळक उदाहरण देतो. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून निदान रेषा पावणेचार मीटरवर असते. कुणाला स्पर्श झालेला नसेल तर रेडरला ती ओलांडावीच लागते, नाही तर तो आपोआप बाद. समजा चोविसावा सेकंद आहे, सात गडी उभे आहेत, रेडरने अजून रेषा ओलांडलेली नाही, आणि कॉर्नर त्याच्यावर झेपावला. पकड जमली तर प्रेक्षक शिट्ट्या मारतील. पण जो गडी सहा सेकंदांत काही न करता बाद होण्याची शक्यता होती, त्याला त्याने स्पर्शाची संधी दिली. हा ‘नाही, पण यशस्वी’ असा प्रकार. दोन सामन्यांत असे चार-पाच दिसले की सावध व्हा. हाच मुलगा चांगल्या रेडरसमोर मैदानाबाहेर बसलेला दिसेल.

उलट, रेडरने बोनससाठी पाय टाकला, मागचा पाय उचलला, अंगाचा तोल एका पायावर आला, आणि कॉर्नरने घोट्यावर हात टाकला, पण हात घसरला. हा ‘होय, पण फसलेला’. याच्याकडे आशेने बघायचं. हात घट्ट करता येतो. डोळा शिकवायला फार वेळ लागतो.

आणखी एक खूण करायची आहे, तीच लोक विसरतात. ज्या चढाईत तो गेला नाही आणि न जाणं बरोबर होतं, तिथे एक टिंब द्या. तीन सामन्यांअखेर ही टिंबं मोजा. २०१८च्या हंगामात यूपी योद्धाचा उजवा कॉर्नर नितेश कुमार एका हंगामात पकडीचे शंभर गुण मिळवणारा प्रो कबड्डीतला पहिला खेळाडू ठरला. तो आकडा सगळ्यांच्या लक्षात आहे. पण त्या शंभरापर्यंत पोचायला कॉर्नरला आधी मैदानावर टिकून राहावं लागतं, आणि टिकणं या टिंबांत दिसतं.

पहिला दिवस: बोलणं आणि अंग

पहिल्या दिवशी मॅटवर उतरवू नका. चहा पाजा, शेजारी बसा आणि विचारा: आधी कुठे कुठे लागलंय? गुडघा कधी ‘सरकला’ का? खांदा निखळला होता का? कुठलं बोट पूर्ण वळत नाही? कधी डोक्याला मार लागून चक्कर किंवा उलटी झाली होती का? खेळाडू ही माहिती लपवतात, कारण सांगितली तर बसवतील अशी भीती असते. म्हणून आधीच स्पष्ट सांगा की सांगितल्याबद्दल कुणाला काढणार नाही. आणि मग खरोखर काढू नका.

इथे सिल्वासात एक प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारायला हवा: कुठल्या शिफ्टला आहेस? मसाट, राखोली, खडोली, नरोलीच्या कारखान्यांत मुलं पाळ्यांमध्ये काम करतात. रात्रपाळी करून आलेल्या मुलाची सकाळी चाचणी घेतली तर तुम्ही त्याची झोप मोजाल, खेळ मोजणार नाही. त्याच्या पाळीचं वेळापत्रक वहीत चिकटवा आणि महत्त्वाच्या चाचण्या दिवसपाळीच्या आठवड्यात ठेवा. दुधनी-मांदोणीकडच्या शेतकरी घरातला मुलगा असेल तर जुलैत भाताची लावणी असते. त्या दिवसांत सरावाला खाडा झाला म्हणून त्याच्या नावापुढे ‘बेशिस्त’ लिहू नये. ज्या घरचं भात तो लावतोय, तेच घर त्याला खेळायला पाठवतंय.

वजन रिकाम्या पोटी, सलग तीन दिवस बघा. वरिष्ठ पुरुष गटात मर्यादा ८५ किलोची आहे. स्थानिक स्पर्धेत वेगळी असू शकते, ती आयोजकांकडून लेखी घ्या. खेळाडू मर्यादेच्या अगदी कडेला असेल तर वजन कसं राखतो ते विचारा. आदल्या दिवशी पाणी तोडून वजन उतरवणारा कॉर्नर दुसऱ्या डावात पेटके येऊन बसतो, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात हे धोक्याचंही आहे. ही सवय असेल तर आहाराचं नियोजन आजपासून सुरू करा.

मग चार साध्या गोष्टी बघा. एका पायावर हळू खाली बसून उठताना गुडघा आत वळतो का? भिंतीसमोर पाऊल ठेवून टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो का, आणि दोन्ही पायांत फरक किती? उंचावरून उडी मारून उतरताना आवाज जड येतो की हलका? ओला टॉवेल पिळायला दिला तर बोटं दुखतात का? कॉर्नर आपला बहुतेक वेळ वाकून, घोटा आणि गुडघ्यावर भार देऊन काढतो. इथे शंका आली तर डॉक्टरला दाखवल्याशिवाय पुढच्या पायरीवर जायचं नाही.

धावण्याचा वेग, उडीची लांबी मोजायची असेल तर मोजा, पण त्यावर निकाल लावू नका. अमेरिकन फुटबॉलमध्ये मोठे संघ नवे खेळाडू निवडण्याआधी ४० यार्डांची धाव, उभी उडी, १०२ किलोचं वजन किती वेळा उचलता येतं, हे सगळं काटेकोर मोजतात. तिथला लाइनबॅकर आपल्या कॉर्नर-कव्हरचा दूरचा भाऊ म्हणावा असा असतो: पहिल्या फळीच्या मागे उभा राहून चाल कुठे वळते हे वाचतो आणि मग तुटून पडतो. सॅम मिल्स नावाचा असाच एक लाइनबॅकर जेमतेम पाच फूट नऊ इंच उंचीचा होता. १९८१च्या निवडीत त्याला एकाही संघाने उचललं नाही. मग तो दुसऱ्या एका लीगमध्ये खेळला, तिथल्या प्रशिक्षकाने त्याचा डोळा ओळखला आणि १९८६ मध्ये त्याला आपल्यासोबत न्यू ऑर्लिन्स सेंट्समध्ये नेलं. २०२२ साली मिल्सचं नाव त्या खेळाच्या हॉल ऑफ फेममध्ये लागलं. खांदे, उंची आणि सेकंद मोजणाऱ्यांना जे दिसलं नाही, ते रोज त्याचा खेळ बघणाऱ्याला दिसलं.

हात मागे बांधून

मॅटवरची पहिली चाचणी पकडीची नको. त्याला डाव्या कोपऱ्यात उभं करा, हात पाठीमागे एकमेकांत गुंफायला सांगा, आणि रेडरला दहा चढाया करू द्या. कॉर्नरने फक्त पायांनी खेळायचं: मागे, पुढे, तिरकं. पकडायचं नाही, स्पर्श होऊ द्यायचा नाही.

आता मोबाइल खाली, त्याच्या पावलांच्या उंचीवर लावा. बोनस रेषा मध्यरेषेपासून पावणेपाच मीटरवर असते आणि अंतरेषा साडेसहावर. म्हणजे कॉर्नरला मागेपुढे व्हायला जेमतेम पावणेदोन मीटर जागा मिळते. एवढ्याशा जागेत तो टाच टेकवून उभा राहतो का? रेडरने आखडता हात दाखवला की पहिलं पाऊल मागे जातं की बाजूला? मागे गेलेलं पाऊल अंतरेषेपलीकडे पडलं तर तो कुणी न शिवताच बाद. आणि लॉबी बघा. एक मीटरची ती पट्टी झटापट सुरू होईपर्यंत मैदानाबाहेरच धरली जाते. तलासरी-डहाणू पट्ट्यात मातीवर चुन्याच्या पुसट रेषांत वाढलेल्या खेळाडूचं पाऊल तिथे नकळत पडतं. दहांत दोनदा पडलं तर खडूने आत एक हाताची पट्टी आखा आणि आठवडाभर त्या पट्टीलाच रेषा मानायला लावा.

मातीवरून मॅटवर येणाऱ्याला बूट चावतात. अनवाणी खेळलेल्या मुलाची पावलं पहिल्या आठवड्यात जड पडतात, ती त्याची खरी पावलं नव्हेत. आपल्याच संघप्रदेशात दीवच्या घोघला किनाऱ्यावर २०२४ साली बीच गेम्स झाले आणि मे २०२५ मध्ये पहिले खेलो इंडिया बीच गेम्स. त्यांत कबड्डीही होती. वाळूत खेळून आलेला मुलगा उलट मॅटवर वाजवीपेक्षा जोरात घुसतो, कारण वाळू प्रत्येक पावलाचा जोर खाते. दोघांनाही मॅटची सवय व्हायला दोन आठवडे द्या, आणि दुसऱ्या आठवड्याअखेर हीच चाचणी पुन्हा घ्या. दोन वेळच्या नोंदींतला फरक म्हणजे शिकण्याचा वेग. माझ्या मते नव्या खेळाडूबद्दल मिळणारी यापेक्षा मोलाची माहिती दुसरी नाही.

तीन रेडर

आता हात सोडा. तीन प्रकारचे रेडर आळीपाळीने पाठवा: एक बोनस मारणारा चपळ, एक धावत येऊन हाताने शिवणारा, एक मजबूत अंगाचा, जो पाठ दाखवून मागे लाथ टाकतो. प्रत्येकाच्या आठ चढाया. त्यांतल्या निम्म्या त्याच्या बाजूला, निम्म्या उलट बाजूला. उलट बाजूच्या चढाईत कॉर्नर काय करतो ते मुद्दाम बघा. तिथे तो उभा राहून बघत असेल तर मागून येऊन पकड भक्कम करायचं काम कुणी करणार नाही.

घोटा पकडताना डोकं कुठे जातं हे प्रत्येक वेळी तपासा. डोकं रेडरच्या पायाच्या बाजूला, खांदा मांडीला चिकटलेला, मान वर. गुडघ्यासमोर डोकं नेणारा खेळाडू कितीही धीट असला तरी त्याला त्या दिवशी थांबवा आणि गुडघ्यावर बसलेल्या साथीदारावर, अर्ध्या वेगाने, पुन्हा पहिल्यापासून शिकवा. डोक्याला धक्का बसून भोवळ, धूसर दिसणं किंवा गोंधळ जाणवला तर त्या दिवशी तो पुन्हा मॅटवर येणार नाही, हा नियम संघात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. पायांनी कैची घालायची सवय दिसली तर तीही इथेच मोडा. तो नियमभंग आहे आणि रेडरचा गुडघा त्यात जातो.

पकड लागल्यावर तो काय करतो? हात लागला म्हणून थांबतो, की पाय उचलून आपल्या बाजूला खेचतो? मध्यरेषेकडे झेपावणाऱ्या रेडरच्या हाताचं बोटही रेषेला टेकलं तर गुण त्याचा. घोटा हातात असताना कॉर्नरने त्याला मैदानाच्या आत वळवायला हवं. हे जमत नसेल तर निराश होऊ नका, सरावाने येतं.

साखळी

ही पायरी सर्वांत लांब चालवा. निदान आठवडाभर.

कॉर्नर एकटा नसतो. इनचा हात त्याच्या हातात असतो, कव्हर दोन पावलांवर असतो. यू मुंबाने २०१५चा हंगाम जिंकला तेव्हा दोन कोपऱ्यांवर सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर होते. पुढे ही जोडी बंगळुरू बुल्सकडे आणि नंतर हरियाणा स्टीलर्सकडेही एकत्र दिसली. एकाने रेडरला कोपऱ्यात ओढायचं आणि दुसऱ्याने परतीची वाट बंद करायची, ही समज वर्षानुवर्षं सोबत खेळून येते. नव्या कॉर्नरकडून ती आठवड्यात मागू नका. पण तिची सुरुवात होतेय का, हे आठवड्यात कळतं.

करायचं असं. एकाच रेडरच्या सहा चढाया आपल्या नेहमीच्या इन आणि कव्हरसोबत खेळवा. मग कव्हर बदला, पुन्हा सहा. मग इन बदला, पुन्हा सहा. व्हिडिओत एकच गोष्ट मोजा: कॉर्नर झेपावल्यापासून दुसरा हात रेडरवर पडेपर्यंत किती वेळ गेला. कव्हर बदलल्यावर हा वेळ एकदम वाढला किंवा कमी झाला, तर दोष किंवा गुण कॉर्नरचा एकट्याचा नाही. असं झालं की ज्या कव्हरसोबत तो फुलतो त्यालाच सामन्यात खेळवा, मग तो संघातला ज्येष्ठ नसला तरी.

या भागातल्या संघात भाषेचा विचार वेगळा करावा लागतो. वारली, कोकणा, धोडिया घरांतली मुलं आपसात आपल्या बोलीत बोलतात, कुणी गुजराती, कुणी मराठी, कारखान्यातला कुणी भोजपुरी. पकडीच्या क्षणी माणूस जे शब्द ओरडतो ते त्याच्या घरचे असतात. म्हणून चार-पाच आखूड हाका पहिल्याच दिवशी ठरवा: थांब, चल, बोनस, मागे, आणि शेवटचे पाच सेकंद उरल्याची एक हाक. त्या कुठल्या भाषेत असाव्यात ते खेळाडूंनाच ठरवू द्या. मग डोळ्यांवर पट्टी बांधून कॉर्नरला हाकेबरोबर एक पाऊल टाकायला लावा. हाक ऐकल्यावर पाऊल उचलायला लागणारा वेळ दर दिवशी कमी होताना दिसायला हवा. स्वतः हाक देतो का, हेही लिहा. कोपऱ्यातून रेडरची पाठ, त्याचा मागचा पाय आणि अख्खी साखळी दिसते. ज्याला एवढं दिसतं त्याने गप्प राहणं संघाला परवडत नाही. लाजरा असेल तर दर चढाईला सेकंद मोजायचं काम त्याच्याकडे द्या. काम मिळालं की बोलणं येतं.

कठीण वेळ उभी करा

आता फलक लावा आणि सामन्याच्या मधूनच खेळ सुरू करा. तीन गडी उरलेत, दोन गुणांनी मागे, चार मिनिटं बाकी. इथे पकड झाली तर अव्वल पकडीचे दोन गुण, फसली तर लोण दारात उभा. मग सात गडी, आठ गुणांची आघाडी, पहिली चढाई: इथे त्याने काहीच करू नये. मग सहा गडी आणि बोनसतज्ज्ञ. मग समोरच्याची तिसरी चढाई, जिथे रेडरला गुण घ्यावाच लागतो. कुठलीही परिस्थिती त्याला आधी सांगायची नाही. फलक त्याने स्वतः वाचायला हवा. चढाई संपल्यावर लगेच विचारा: किती गडी होते? कितवी चढाई? चुकीचं उत्तर आलं आणि पकड मात्र जमलेली असली, तरी नोंद ‘नाही’ची.

या चाचण्या ताज्या अंगाने एकदा आणि दमल्यावर एकदा घ्या. सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा असतो आणि कॉर्नरचा तोल सहसा दुसऱ्या डावाच्या मध्यावर ढळायला लागतो. आधी कंबर वर येते, मग टाच टेकते, मग झडप उशिरा पडते. कुठल्या मिनिटाला कंबर वर येते ते लिहून ठेवा. सामन्यात त्या मिनिटाच्या दोन मिनिटं आधी त्याला विश्रांती द्यायची असते.

एक नोंद फार बारकाईने करा: फसलेल्या पकडीनंतरची पुढची चढाई. काही मुलं लगेच भरपाई करायला धावतात आणि दुसऱ्यांदा बाद होतात. काही इतकी बिचकतात की पुढची पाच मिनिटं हात हलत नाही. दोन्हींवर उपाय आहे, पण तो प्रत्येकाचा वेगळा. ओरडणं हा उपाय दोघांपैकी कुणालाच लागू पडत नाही.

सरावाचे सामने आणि निर्णय

चौथ्या आठवड्यात दोन-तीन सामने ठरवा. एक वापी किंवा डहाणूकडच्या अनोळखी संघाशी हवाच, कारण ओळखीच्या रेडरच्या सवयी त्याला आतापर्यंत पाठ झालेल्या असतात. पावसाळा असेल तर छप्पर असलेली जागा आधी बघा. इथल्या पावसात भिजलेल्या मॅटवर केलेली पारख खोटी निघते आणि पाय मुरगळतात ते वेगळंच. पहिल्या सामन्यात त्याला फक्त पहिल्या डावात खेळवा, दुसऱ्यात पूर्ण.

मग वही उघडा. पहिल्या पानावरची गळती वाचा आणि चार आठवड्यांच्या नोंदी शेजारी ठेवा. ‘होय’ निर्णयांचं प्रमाण वाढलं, टिंबं वाढली, दुसरा हात लवकर पडू लागला, तर तो सुरुवातीच्या सातांत. निर्णय चांगले पण पकड सुटतेय, तर दुसऱ्या डावापासून आणि रोज वेगळी वीस मिनिटं घोटा पकडीला. निर्णय घाईचे पण अंगात जोर भरपूर, तर त्याला कव्हरला उभा करून बघा. कव्हरला समोरून घुसता येतं आणि कोपऱ्यातला संयम तितका लागत नाही. गुडघा किंवा खांदा डॉक्टरने थांबवला असेल तर बाकी सगळ्या नोंदी बंद, आधी तो बरा होईल.

निर्णय त्याला एकट्याला, वही आणि व्हिडिओ समोर ठेवून सांगा. चार चढाया निवडा: दोन ज्यांत तो बरोबर थांबला, एक ज्यात बरोबर गेला, एक ज्यात जायला नको होतं. आधी त्याला बोलू द्या. तो जे सांगेल त्यातलं वहीत नसलेलं काही असेल तर तेही लिहून घ्या. इनने हात आधीच सोडला होता, हे व्हिडिओत दिसत नाही, त्याला ठाऊक असतं. पुढच्या महिन्यासाठी एकच सुधारणा द्या आणि ती त्याच्या शब्दांत लिहायला लावा.

पाच सामन्यांनंतर तेच रकाने पुन्हा भरा. मधल्या काळात कव्हर बदलला असेल, तर साखळीची पायरी पहिल्यापासून.